साखळीच्या वाटेवर सटकलेली चेन : एका दुरुस्तीचं प्रकरण

मी गोव्यात डिचोलीला राहतो आणि साखळीच्या एका हायस्कुलात गणित शिकवतो. शाळेला सायकलने जातो. साखळीला जाताना साखळी सटकली, हा विनोद स्टाफरूममध्ये करून करून झिजलाय. म्हणून इथे गावाला साखळी म्हणेन आणि सायकलीच्या साखळीला चेन. बाईक हा शब्दही टाळतो, कारण आमच्याकडे बाईक म्हणजे मोटारसायकल.

हे सगळं घडलं 2024 च्या पावसाळ्यात. पैशांत मोजलं तर प्रकरण साडेतीन हजारांचं. एवढ्यासाठी एवढं कोण लिहितं, असं बायकोने विचारलंच. पण यात दुकान बहुतेक वेळा बरोबर होतं, आणि तरीही माझा त्याच्यावरचा विश्वास उडाला. हे दोन्ही एकाच वेळी कसं झालं, ते मला उलगडून बघायचं होतं.

सायकल 2021 साली घेतलेली. पुढे तीन चक्रं, मागे आठ, सपाट हँडल, 26,500 रुपये. येऊन-जाऊन पंधरा-सोळा किलोमीटर, सुट्ट्या आणि धो धो पावसाचे दिवस वगळता रोज. वर्षाला तीनेक हजार किलोमीटर धरा. तीन वर्षांत टायर एकदा बदलले, ब्रेकची रबरं दोनदा. चेनला मी फक्त तेल घालत होतो आणि त्यालाच देखभाल समजत होतो. आमच्या रस्त्यावरची तांबडी धूळ पावसाच्या पाण्यात आणि तेलात कालवली की तिचा जो लेप होतो तो पॉलिश पेपरचं काम करतो, हे मला पुढे कळलं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात चढावर गिअर निसटू लागला. नेहमी नाही. पाऊस पडून गेल्यावर, जोर लावला की.

पहिली फेरी

सायकल शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये टाकून म्हापशाच्या बाजूच्या एका मोठ्या दुकानात नेली. काचेचा दर्शनी भाग, आत एसी, भिंतीवर टांगलेल्या लाख-लाखाच्या सायकली. काउंटरवरच्या मुलाने टॅबवर नाव-नंबर घेतला. "काय प्रॉब्लेम, सर?" मी म्हटलं, "गिअर खराब झालाय." त्याने लिहिलं : गिअर इश्यू, जनरल सर्व्हिस. सगळं मिळून दीड मिनिट.

या दीड मिनिटाबद्दल मी नंतर पुष्कळ विचार केला. त्याने विचारायला हवं होतं, कोणत्या गिअरमध्ये निसटतो? जोर लावल्यावर की नुसतं पेडल मारतानाही? आपोआप दुसऱ्या गिअरवर जातो की त्याच गिअरमध्ये झटका देतो? या उत्तरांवरून अर्धं निदान तिथेच झालं असतं. केबलचा ताण बिघडला असेल तर चेन शेजारच्या चक्रावर उडी मारू बघते आणि त्रास जवळजवळ सगळ्याच गिअरांत होतो. दाते झिजले असतील तर त्रास फक्त नेहमीच्या वापरातल्या गिअरांत होतो आणि तोही जोर लावल्यावर. त्याने विचारलं नाही हे खरं. पण मीही सांगितलं नाही. वर्गात एखादा मुलगा "सर, गणित येत नाही" एवढंच म्हणाला तर मी त्याला सोडत नाही, कुठली पायरी अडते ते विचारतो. इथे मात्र मीच "गिअर खराब" म्हणून चाबी काढून मोकळा झालो.

चार दिवसांनी मेसेज आला : सायकल तयार. बिल 1,650. सर्व्हिस 700, नवी चेन 950. चेन बदलणार हे विचारायला फोन आला नव्हता. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "चेन तो पूरी गयी थी, सर." जुनी चेन कुठे आहे असं मी विचारलं नाही. सायकल धुऊन लख्ख केली होती, आणि धुतलेल्या सायकलीसमोर माणूस जरा विरघळतो.

दुसऱ्या दिवशी चढावर उभा राहून पेडल मारलं आणि चेन अशी सटकली की गुडघा हँडलवर आपटला. आधी पावसातच निसटायची, आता कोरड्या रस्त्यावरही. चौथ्या आणि पाचव्या गिअरमध्ये तर हमखास. पैसे देऊन सायकल आधीपेक्षा वाईट झाली होती.

हे का झालं

इथे थोडं थांबतो, कारण ही गोष्ट सायकल चालवणाऱ्या बहुतेकांना माहीत नसते आणि जवळजवळ सगळी भांडणं इथूनच निघतात.

चेनची प्रत्येक कडी अर्ध्या इंचाची. चेन ताणली गेली असं आपण म्हणतो, पण पोलाद रबरासारखं ताणलं जात नाही. कड्यांना जोडणाऱ्या पिना आणि त्यांच्याभोवतीचा भाग झिजतो, प्रत्येक सांध्यात केसाएवढी जागा सुटते आणि शंभरावर सांध्यांची मिळून चेन लांबते. मोजायचं कसं? बारा इंच दाखवणारी स्टीलची पट्टी घ्या, शून्याची रेघ एका पिनेच्या मध्यावर धरा आणि पुढे चोवीस कड्या मोजा. नव्या चेनमध्ये चोवीसाव्या कडीच्या शेवटची पिन बरोबर बारा इंचांवर येते. ती एक-सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. एक-अष्टमांश पुढे गेली असेल तर नुसती चेन बदलून भागत नाही, कारण तोवर तिने मागच्या चक्रांचे दातेही आपल्या लांबलेल्या मापाला घासून घेतलेले असतात.

जुनी चेन आणि जुने दाते एकमेकांना सांभाळून घेत असतात. जुन्या दातांवर नवी, आखूड मापाची चेन बसवली की तिचे रोलर दातांच्या खोबणीत नीट बसत नाहीत, आणि जोर आला की दातावर चढून पुढे उडी मारतात. ज्या चक्रांचा वापर जास्त, तिथे जास्त. माझ्या मागच्या आठ चक्रांत चौथ्या-पाचव्या गिअरची म्हणजे 21 आणि 18 दात्यांची. साखळीचा रस्ता मी बहुतेक याच दोघांवर काढतो.

म्हणजे दुकानाने चेन बदलली हे चूक नव्हतं. पण तीन वर्षांत कधीच न बदललेली चेन उतरवताना मेकॅनिकला मागचे दातेही दिसले असणार. हाताखालून रोज सायकली जाणाऱ्या माणसाला हे दिसत नाही, यावर माझा विश्वास नाही.

दुसरी फेरी

पुन्हा पिकअप, पुन्हा म्हापसा. या वेळी मेकॅनिक स्वतः बाहेर आला, सायकल बघितली आणि म्हणाला, "कॅसेट बदलनी पड़ेगी." कॅसेट म्हणजे मागच्या चक्रांचा संच. 1,600, मजुरी 250. मी विचारलं, हे गेल्या वेळी का नाही सांगितलं? त्यावर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, आपने पूछा नहीं."

हे वाक्य मी घरी जाईपर्यंत तोंडात घोळवत होतो. गिऱ्हाइकाने विचारायचं कसं? जे ठाऊकच नाही त्याबद्दल? डॉक्टरकडे जाऊन आपण स्वतःच आजाराचं नाव सांगायचं, तसं हे झालं.

पैसे दिले. पण या वेळी जुनी कॅसेट मागून घेतली. ती आजही माझ्या टेबलावर आहे, आठवीच्या पोरांना दंतचक्रं दाखवायला उपयोगी पडते. 18 दात्यांच्या चक्राचे दाते खरंच एका बाजूला कललेले आहेत, माशाच्या परासारखे. तेव्हा बिल खोटं नव्हतं.

जाता जाता मेकॅनिक म्हणाला की चेन जरा लांब वाटत होती, दोन कड्या काढल्यात. मी मान डोलावली. हे वाक्य लक्षात ठेवा.

सायकल चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये आता छान चालू लागली. पण एक बारीक झटका उरला. जोराचा नव्हता, पायाला कळेल इतकाच. आठवडाभर सोसला, मग फोन केला. उत्तर : पुढचं मधलं चक्र गेलं असणार, सायकल घेऊन या.

तिसरी फेरी, अर्धवट

माझ्या सायकलीची पुढची तीन चक्रं एकमेकांना रिव्हेटने ठोकलेली आहेत. एक सुटं काढून बदलता येत नाही, पूर्ण क्रँकच, म्हणजे पेडलच्या दांड्यांसकट पुढचा सगळा संच, बदलावा लागतो. 2,800, मजुरी 300. म्हणजे ज्या कामासाठी मी जूनमध्ये सातशे रुपये धरून गेलो होतो ते जुलैअखेर 6,600 वर पोहोचत होतं. मी म्हटलं, नको. सायकल घेतली आणि परत आलो.

आता विचार करतो तेव्हा वाटतं, नेमका इथे विश्वास तुटला. क्रँक खरोखर खराब असता तरी मी दुकानाचं ऐकलं नसतं. दोनदा ते बरोबर होते, पण दोन्ही वेळा काम झाल्यावर बरोबर होते.

डिचोली बाजारातलं दुकान

बाजारात एक जुनं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्रा, दोन फळ्या, टायरांची माळ आणि पंक्चर शोधायला पाण्याची लोखंडी घमेली. आमच्याकडे कारागिराला मेस्त म्हणतात, त्यालाही सगळे मेस्तच म्हणतात. वय सत्तरीच्या आसपास. त्याचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे पोदेर. पहाटे आणि संध्याकाळी भोंगा वाजवत उंडे, पोळ्या, काकणं असे पाव विकणाऱ्या पोदेरांच्या त्या उंच, दांड्याच्या ब्रेकच्या सायकली, मागे निळ्या प्लास्टिकने झाकलेली टोपली. मी गेलो तेव्हा दोन सायकली उलट्या करून ठेवल्या होत्या.

"पयलीं पोदेराची, मागीर तुमची," मेस्त म्हणाला. पोदेराची सायकल पहाटेच्या आधी तयार नसली तर भट्टीतला माल पडून राहतो. मास्तराला बस आहे. मला दोन दिवस थांबावं लागलं. गंमत म्हणजे मला त्याचा राग आला नाही. नाही म्हणाला, का तेही सांगितलं, आणि कधी येऊ तेही.

दोन दिवसांनी त्याने मागचं चाक उचलून धरलं आणि मला पेडल फिरवायला सांगितलं. स्वतः नुसता ऐकत राहिला. मग म्हणाला, "मेजात." मोजा. मी मोजलं. झटका यायचा दर तीन पेडलांनी एकदा. जवळजवळ घड्याळासारखा.

मी गणिताचा मास्तर, आणि हे मला दीड महिन्यात सुचलं नव्हतं. पुढचं चक्र 38 दात्यांचं. एका फेऱ्यात 38 कड्या पुढे सरकतात. चेन आता 112 कड्यांची, म्हणजे ती पूर्ण एकदा फिरून यायला पेडलाचे जवळपास तीन फेरे. झटका पुढच्या चक्रात असता तर तो पेडलाच्या प्रत्येक फेऱ्यात त्याच जागी आला असता, मागच्या चक्रात असता तर पेडलाच्या एका फेऱ्यात साधारण दोनदा. दर तीन फेऱ्यांनी येतो तर दोष चेनमध्येच, आणि तोही एकाच कडीत.

मेस्ताने यातलं काही तोंडाने सांगितलं नाही. पेडल उलटं, अगदी हळू फिरवलं आणि मागच्या डिरेलरच्या (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) छोट्या चाकावरून जाताना एक कडी नीट वाकत नव्हती, तिच्यावर बोट ठेवलं. "हांगा पळयात." दोन कड्या काढून चेन परत जोडताना पिन जरा जास्त दाबली गेली होती. म्हणून तो सांधा आखडला होता. त्याने दोन्ही अंगठ्यांनी चेन आडवी वाकवून तीन-चार वेळा हलवली. झालं. वीस रुपये.

आता इथे गोष्ट थांबवली तर ती फार गोड होईल, आणि खोटीही. काच आणि एसीवाले लबाड, पत्र्याखालचा म्हातारा ज्ञानी, असं ते नाही. मी त्याला विचारलं होतं, कॅसेट तुम्ही बदलली असती का? तो म्हणाला, "हांव हें काडूंक शकना. तें हत्यार म्हजेकडेन ना." पोदेराच्या सायकलीचं फ्रीव्हील तो डोळे मिटून काढील. पण कॅसेटच्या रिंगला वेगळा दातेरी पाना लागतो आणि चक्र धरून ठेवायला चेनचा तुकडा लावलेली दांडी, ती त्याच्याकडे नाही. म्हणजे मी सुरुवातीलाच त्याच्याकडे गेलो असतो तर शेवटी म्हापशालाच जावं लागलं असतं. शिवाय त्याने जाताना प्रेमाने चेनला जाड तेल भरपूर सोडलं, ते उडून मागच्या रिमवर गेलं आणि पुढचे आठ दिवस माझे ब्रेक डुकरासारखे ओरडत होते. बिल त्याने दिलं नव्हतंच.

कायद्याचा विचार

स्टाफरूममधल्या एका बाईंनी ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर हातात ठेवला. मी कायदा वाचून काढला. ग्राहक संरक्षण कायदा 2019 चा, लागू झाला 20 जुलै 2020 पासून. सेवेतल्या त्रुटीची त्यातली व्याख्या माझ्या प्रकरणाला चिकटत होती : गिऱ्हाइकाला आवश्यक माहिती जाणूनबुजून न देणं हीसुद्धा त्रुटी आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला जिल्हा आयोगात फी नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, ऑनलाइनही करता येते.

अडचण "जाणूनबुजून" या शब्दात होती. आणि जुनी चेन माझ्याकडे नव्हती. ती किती झिजली होती हे आता कुणीच मोजू शकत नव्हतं. जूनमधलं ते पहिलं निसटणं चिखल भरलेल्या केबलमुळे होतं की चेनमुळे, हेही आता कळणार नाही. केबल कुणी तपासलीच नव्हती.

आणि गंमत अशी की त्याच कायद्यात सेवेचं बिल न देणं हे अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं. म्हणजे कागदावर बघायला गेलं तर वीस रुपयांचा मेस्त आधी सापडतो. पुस्तक मिटलं.

मालकाशी बोलणं

ऑगस्टमध्ये एका शनिवारी दुपारी, गर्दी नसताना, दुकानात गेलो. जुनी कॅसेट, दोन्ही बिलं आणि शाळेतली पट्टी घेऊन. मालक पन्नाशीचे, मुळात म्हापशाचेच. आम्ही कोकणी-मराठीत बोललो, त्यामुळे आवाज चढला नाही. मी आखडलेल्या कडीचं सांगितलं तेव्हा त्यांनी मेकॅनिकला बोलावलं. तो खाली बघत म्हणाला की तसं होऊ शकतं. त्याच्या बाजूने सांगायचं तर पावसाळ्यात त्या दुकानाच्या मागच्या खोलीत चिखलाने माखलेल्या वीस-पंचवीस सायकली उभ्या असतात आणि हात दोनच माणसांचे.

मग मालकांनी जे सांगितलं ते या प्रकरणाचं मूळ आहे असं मला वाटतं. "मास्तर, पहिल्याच दिवशी मी तुम्हाला साडेतीन हजार सांगितले असते, तर तुम्ही काय केलं असतं?"

मी प्रामाणिकपणे म्हटलं, बहुतेक सायकल उचलून नेली असती.

"तेच. दहातले सहा जण तेच करतात. वर बाहेर सांगतात, हे लुटारू आहेत. म्हणून पोरं लहान आकडा सांगायला शिकलीत."

यात तथ्य आहे, आणि ते तथ्य मला बोचलं. पण मी त्यांना विचारलं, लहान आकडा सांगितलात म्हणून मी थांबलो, तीन वेळा आलो, आणि आता बाहेर काय सांगणार आहे असं वाटतं? शिवाय सायकल उचलून नेणं हाही माझा हक्कच होता. जुनी चेन आणि जुनी कॅसेट एकमेकांना धरून आणखी काही महिने चालली असती, मग दोन्ही एकदम बदलली असती. हा पर्याय कुणी माझ्यापुढे ठेवलाच नाही. त्यांनी जॉबकार्डाची वही काढली. अंदाजे खर्चाचा रकाना होता. माझ्या दोन्ही कार्डांवर कोरा. मागची पानं उलटली, तिथेही बहुतेक कोरा.

त्यांनी दुसऱ्या फेरीची मजुरी, 250 रुपये, परत दिली. सुट्या भागांचे पैसे मी मागितले नाहीत, कारण भाग लागणारच होते. मेकॅनिकने समोर चेनची ती पिन नीट करून दिली आणि पुढच्या मधल्या चक्रावर चेन ताणून दाखवली : दातांतून उचलली जात नव्हती. चक्र चांगलं होतं. "मी फोनवर बोललो, बघितलं नव्हतं," तो म्हणाला. हे एक वाक्य जुलैमध्ये मिळालं असतं तर मी 2,800 च्या नावाने इतका भडकलो नसतो.

त्यानंतर

मी दोन्हीकडे जातो. पंक्चर, स्पोक, बेअरिंग मेस्ताकडे, तेलाची बाटली मात्र घरची नेतो. गिअरचं काम म्हापशाला. तिथे आता काउंटरवर नवी मुलगी आहे. गेल्या वेळी ब्रेकची रबरं बदलायला गेलो तर तिने आधी 350 सांगितले, मग विचारलं, "ओरडतात की घसरतात?" मी म्हटलं, ओरडतात. ती म्हणाली, "मग बदलू नका अजून, रिम स्पिरिटने पुसून बघा." पुसलं. थांबलं. रबरं तीच आहेत.

पट्टी दप्तरात असते. महिन्याच्या पहिल्या तारखेला शाळेच्या सायकल स्टँडवर चेन मोजतो तेव्हा पाचवीतली पोरं भोवती जमतात. त्यातल्या एकाने परवा बापाची सायकल आणली होती मोजायला. बाप पोदेर. त्या जाड चेनच्या कड्याही अर्ध्या इंचाच्याच. पट्टी लावली तर चोवीसाव्या कडीची पिन बारा इंचांच्या पुढे जवळजवळ पाव इंच. पोरगं म्हणालं, पण सर, ती कधीच सटकत नाही.